मदत आली, आग मागेच राहिली

२५ ऑक्टोबर २००३. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो परगण्यात, क्लीव्हलँड राष्ट्रीय वनाच्या डोंगराळ भागात, एक शिकारी आपल्या जोडीदारापासून चुकला. दिवस तापलेला, जवळचं पाणी संपलेलं, वाट सापडेना. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्याने आग पेटवली. धूर पाहून कुणीतरी येईल एवढीच आशा होती, आणि ती खरी ठरली. त्याला शोधायला निघालेल्या हेलिकॉप्टरला तो सापडला आणि शिकारी सुखरूप बाहेर पडला.

आग तेव्हा अजून लहान होती. वैमानिकाने पाणी टाकणारं हेलिकॉप्टर मागवलं. पण सूर्य मावळतीला आला होता, आणि मावळतीच्या वेळी आग विझवणारी विमानं उडवायची नाहीत असा तिथला तेव्हाचा नियम होता. पायी जावं तर धड वाट नाही. रात्री सांता आना वारे सुटले. हे वारे आतल्या उंच वाळवंटी पठारावरून समुद्राकडे उतरतात आणि उतरता उतरता दाबले जाऊन तापतात, साधारण दर हजार मीटरला १० अंशांनी. आधीच कोरडी असलेली हवा त्यामुळे आणखी शुष्क होते. सकाळ होईपर्यंत त्या एका माणसाने पेटवलेली आग गावांमध्ये शिरली होती. सीडर फायर या नावाने ती ओळखली जाते. तिने १५ जणांचा जीव घेतला, त्यांत आग विझवायला आलेला एक जवानही होता. २,२०० हून अधिक घरं गेली आणि जळालेलं क्षेत्र सुमारे २ लाख ७३ हजार एकर भरलं. म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा कितीतरी मोठं.

त्याच्या आदल्या वर्षी, जून २००२ मध्ये, ॲरिझोनात असंच घडलं होतं. व्हाइट माउंटन अपाची लोकांच्या राखीव भूमीत रोडिओ नावाचा वणवा आधीच भडकला होता. तो लावला होता हंगामी अग्निशमनाचं काम करणाऱ्या एकाने, आग विझवण्याची मजुरी मिळावी म्हणून. त्याच मुलखात दुसरीकडे एक स्त्री गाडीतलं इंधन संपून अडकली होती. २० जूनला वणव्याचं चित्रण करणारं वृत्तवाहिनीचं हेलिकॉप्टर डोक्यावरून जाताना तिने पाहिलं, झुडपं पेटवली, आणि हेलिकॉप्टरने तिला उचललं. तिने लावलेली आग, चेडिस्की, काही दिवसांत रोडिओला जाऊन मिळाली. दोन्ही मिळून ४ लाख ६८ हजार एकर रान आणि ४०० हून अधिक घरं खाक झाली.

सीडर आणि चेडिस्की या दोन्ही आगी इशाऱ्याच्या होत्या आणि दोन्हींनी आपलं काम चोख केलं. माणूस दिसला, माणूस वाचला. घात झाला तो त्यानंतर. रानातल्या इशाऱ्याच्या आगीची सगळ्यात धोक्याची घटका म्हणजे मदत पोचते ती, कारण त्या क्षणी आगीजवळचा प्रत्येक माणूस तिच्याकडे पाठ फिरवतो.

सीडर फायरच्या शिकाऱ्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला सहा महिने खुल्या स्वरूपाच्या कैदेची आणि ९६० तास समाजसेवेची शिक्षा झाली. ज्यांची माणसं गेली त्यांना ती फार कमी वाटली. तहानेने जीव जायची वेळ आलेल्या माणसाने करायचं तरी काय, असंही विचारणारे होते. मला दोन्ही बाजू पटतात. म्हणूनच या प्रकरणात आग पेटवू नका असा उपदेश करणार नाही. जीव वाचवायला पेटवावी लागलीच तर ती विझवायची कशी, हे मात्र बारकाईने पाहू.

शेकोटीचं एक बरं असतं. ती आपण आडोशाला लावतो, तिच्याभोवती बसतो, रात्रभर तिच्यावर नजर असते. इशाऱ्याची आग नेमकी उलट. ती दिसायला हवी, म्हणून उंचावर, धारेवर, उघड्यावर पेटवायची. म्हणजे जिथे वारा सर्वांत जास्त तिथे. तिचा धूर मोठा हवा, म्हणून निखारे चांगले धरले की वर ओला पाला टाकायचा. असा पाला अर्धवट वाळून अर्धवट जळतो आणि हलकी जळती पानं वाऱ्यावर उडतात. पेटवणारा माणूस थकलेला, तहानलेला, बहुतेक वेळा घाबरलेला. शिवाय डोंगरउताराचा हिशेब वेगळाच असतो. चढाच्या बाजूला जाणारी आग पुढच्या गवताला आधी तापवते, मग पेटवते. ऑस्ट्रेलियन वनसंशोधकांनी बांधलेला ढोबळ आडाखा असा की चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. ३० अंशांच्या चढावर ती सपाटीच्या आठपट वेगाने धावू शकते. माणूस त्या चढावर उलट हळू होतो.

म्हणून विझवण्याची सुरुवात काडी ओढण्याआधी होते. जागा निवडताना उघडा कातळ किंवा मोकळी माती शोधायची. ती नसेल तर गवत, पालापाचोळा, वाळक्या काटक्या सगळं खरवडून खालची माती दिसेपर्यंत जागा साफ करायची, निदान तीन-चार मीटर व्यासाची. डोक्यावर फांद्या नकोत. मग पाणी असेल तर पाणी आणि नसेल तर उकरलेल्या मातीचा ढीग, आगीच्या वाऱ्याकडच्या अंगाला तयार ठेवायचा. हे सगळं झालं की लाकडं रचून ठेवायची आणि पेटवायची नाहीत. हेलिकॉप्टरचा आवाज किंवा माणसांची हाक ऐकू आली की पेटवायची. सुकं सरपण आणि झटकन धरणारा जाळ हाताशी असेल तर मिनिटभरात ज्वाळा येते, दोन-तीन मिनिटांत धूर. आग जितकी कमी वेळ जळेल, तितके खाली निखारे कमी साठतात आणि विझवणं तितकं सोपं.

तीन आगींचा त्रिकोण हा जगभर ओळखला जाणारा संकटाचा इशारा आहे. पुस्तकात तो छान दिसतो. वाळलेल्या गवताच्या डोंगरावर एकट्या माणसाने तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक आग राखताना नाकी नऊ येतात, तीन कोण राखणार? उन्हात आरसा किंवा चकचकीत पत्रा फार लांबून दिसतो. रात्री टॉर्च आहे. आल्प्समधून आलेली पद्धत अशी: मिनिटाला सहा वेळा उजेड किंवा शिटी, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन इशारे मिळाले की समजायचं, आपण कुणाला तरी कळलो. आकाशातून येणाऱ्याला जमिनीवर दगडांनी किंवा कपड्यांनी इंग्रजी व्ही हे अक्षर मोठं काढलं तर 'मदत हवी' आणि एक्स काढलं तर 'वैद्यकीय मदत हवी' असं कळतं. यांतलं काहीही आग लावत नाही.

आता निखाऱ्याकडे येऊ, कारण विझवताना सगळी चूक तिथेच होते. ज्वाळा गेली की आग गेली असं डोळ्याला वाटतं. पण ज्वाळा म्हणजे लाकडातून सुटलेल्या वायूंचं जळणं. ते वायू संपले की उरतो कोळसा, आणि कोळसा ज्वाळेशिवाय, धुराशिवाय, अगदी थोड्या हवेवर तासन् तास लाल राहू शकतो. वर राख साठते. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हवाही बेताचीच आत सोडते. आपल्याकडे आगपेटी दुर्मीळ होती त्या काळी घरोघरच्या बाया रात्री चुलीतला विस्तव राखेत झाकून ठेवायच्या आणि पहाटे उकरून, फुंकर घालून पेटवायच्या. शेजारणीकडून विस्तव आणायची वेळ येऊ नये यासाठी ती राखण होती. म्हणजे निखारा झाकला की तो टिकतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी आजही डोंगरावर सर्रास दिसतं ते काय? आगीवर पायाने माती लोटायची आणि चालू पडायचं. ही आग विझवणं नव्हे, सांभाळून ठेवणं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या समुद्रकिनाऱ्यांवर लोक शेकोटीवर वाळू लोटून जातात आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलं त्या सपाट, निर्दोष दिसणाऱ्या वाळूवर अनवाणी पाय ठेवतात. भाजलेल्या तळपायांवर उपचार करणारे तिथले डॉक्टर म्हणूनच सांगत आले आहेत, वाळू नको, पाणी घाला.

पाणी किती घालायचं याचा हिशेब मजेशीर आहे. ६०० अंशांवर लाल झालेल्या एक किलो कोळशात साठलेली उष्णता ढोबळमानाने सहाशे-सातशे किलोज्यूल. एक लिटर साधं पाणी तापून पूर्ण वाफ होताना सुमारे अडीच हजार किलोज्यूल उष्णता पिऊन घेतं. म्हणजे कागदावर पाव लिटर पाणी किलोभर निखारे थंड करायला पुरे. प्रत्यक्षात बादली ओतली तरी निखारे उरतात, कारण पाणी वाट मिळेल तिथून खाली जातं, राखेच्या कोरड्या थरावरून घरंगळतं आणि जिथे उष्णता आहे तिथे पोचतच नाही. पाण्याची निखाऱ्याशी गाठ घालून देणं हे ढवळण्याचं काम. म्हणून एक लिटर पाणी आणि एक दणकट काठी ही जोडी, काठीशिवायच्या पाच लिटरपेक्षा मोलाची.

काम असं चालतं. आधी जळण घालणं बंद करून ज्वाळा खाली बसू द्यायची, घाई असली तरी. मोठे ओंडके काठीने एकमेकांपासून दूर सारायचे. एकत्र असले की एकमेकांना तापत ठेवतात, सुटे झाले की आपोआप काळवंडतात. मग वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि पाणी कडेकडेने सुरू करून मध्याकडे जायचं, ओतायचं नाही, शिंपडायचं. पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ सतराशे पट जागा घेतं. बादली एकदम ओतली तर ती वाफ राखेसकट तोंडावर येते आणि कडेचे निखारे उडून गवतात पडतात. पहिल्या शिंपण्याला चर्र आवाज होतो, पांढरी वाफ उठते, ओल्या राखेचा आंबूस वास येतो. इथे बहुतेक लोक थांबतात. इथूनच खरं काम सुरू होतं. काठी तळापर्यंत घालून सगळं वरखाली करायचं. खालून कोरडी राख वर येते आणि तिच्यात दोन-चार लाल डोळे लुकलुकताना दिसतात. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. आवाज पूर्ण थांबेपर्यंत आणि राखेचा सारवणाच्या शेणासारखा काला होईपर्यंत हे चालू ठेवायचं. ओंडक्यांची जळकी बाजू दगडाने किंवा कोयत्याने खरवडायची, कारण वरून काळ्या दिसणाऱ्या लाकडाच्या भेगेत आत आग असते. भोवती दगड रचले असतील तर प्रत्येक दगड उलटून खाली पाहायचं. ओढ्यातले ओले दगड मुळात रचूच नयेत. आतलं पाणी तापून ते फुटतात.

शेवटची परीक्षा डोळ्याची नाही, हाताची. हाताची पाठ आधी काल्यापासून वीतभर वर धरायची, मग जवळ, मग टेकवायची. तळहातापेक्षा पाठीच्या बाजूची त्वचा पातळ, त्यामुळे धग लवकर कळते, आणि चुकून भाजलंच तर काठी धरायला तळवा शाबूत राहतो. बोटभर माती उकरून खालची जमीनही चाचपायची. कुठेही कोमट लागलं तर काम संपलेलं नाही. अमेरिकेच्या वनखात्याची शिकवण याच तीन क्रियापदांवर उभी आहे: बुडवा, ढवळा, हात लावून बघा. त्यात मी चौथं घालीन: थांबा. अर्धा तास थांबून पुन्हा हात लावा. त्या वेळात वाऱ्याच्या खालच्या अंगाला फिरून यायचं. उडालेली ठिणगी गवतात पडली असेल तर तिचा धूर आधी नाकाला कळतो.

पाणी नसेल तर? आपल्या गडांवर फेब्रुवारीनंतर टाक्यांत पाणी असेलच असं नाही, आणि असलं तरी ते पिण्यासाठी लागतं. कोरडी माती चालते, पण तिच्यावर मेहनत दुप्पट. माती वर टाकायची नाही, निखाऱ्यांत कालवायची. मूठभर निखारे, दोन-तीन मुठी माती, काठीने घोटायचं, पसरायचं, पुन्हा घोटायचं. प्रत्येक निखाऱ्याची उष्णता मातीने वाटून घ्यायला हवी. ती मातीही खालची, लालसर, दगडगोट्यांची असावी. झाडाखालची काळी भुसभुशीत माती म्हणजे कुजलेला पाला, म्हणजे सरपणच. कालवून झाल्यावर सगळं कातळावर पातळ पसरून तासभर उघडं ठेवायचं. यात वेळ जातो. सोबत्यांना भरलेली मूत्राशयं असतातच, असं डोंगरातले लोक हसत सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

सह्याद्रीत काही गोष्टी आणखी ध्यानात ठेवायला लागतात. दिवाळी सरली की कुसळी आणि तिच्या जातीची गवतं वाळू लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत डोंगरउतार काडेपेटीच्या लायकीचे होतात. वनविभागही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो आणि त्याआधी जाळरेषा काढून घेतो. फुलोऱ्यानंतर एकदम मेलेली कारवीची रानं म्हणजे उभं सरपण. सड्यांवर गुराखी गुरं चारतात, त्यामुळे वाळलेलं शेण विखुरलेलं असतं, आणि शेणाला एकदा ठिणगी लागली की ते धुराच्या बारीक रेषेसह दिवसभर धुमसत राहतं. आगीभोवती साफ करताना ते उचलून लांब टाकावं. झाडाच्या बुंध्याशी कधीही आग करू नये. मेलेल्या मुळात शिरलेला विस्तव जमिनीखालून सरकत राहतो आणि काही दिवसांनी, आपण घरी पोचून कपडे धुतल्यावर, काही हात अंतरावर वर येतो.

कायद्याने याचा विचार आधीच करून ठेवला आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ राखीव वनात वणवा लावणाऱ्याइतकंच, वनाला धोका होईल अशा रीतीने आग जळती सोडून जाणाऱ्यालाही गुन्हेगार धरतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम ३० अभयारण्यांबाबत तेच म्हणतं. रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, हे तिथे जाणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसतं.

राहिला हेलिकॉप्टरचा मुद्दा. खाली येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वारा वावटळीसारखा असतो. तो उघड्या निखाऱ्यावर आला तर लोहाराच्या भात्याचं काम करतो आणि वर ठिणग्या चहूकडे फेकतो. त्यामुळे आपण दिसलो अशी खात्री होताच, म्हणजे हेलिकॉप्टर घिरटी घेऊन परत आल्यावर किंवा खालून हाकेला उत्तर आल्यावर, लगेच विझवायला लागायचं. मदत अंगावर येईपर्यंत वाट पाहायची नाही. उरलेला थोडा धूर वैमानिकाला वाऱ्याची दिशा दाखवायला पुरतो. गटात असाल तर आग पेटवतानाच एकाला नेमून द्या: तू शेवटी निघायचंस, हात लावून बघितल्याशिवाय नाही. जखमीला उचलायला सगळे धावतात तेव्हा हा एकजण आगीजवळ राहिला पाहिजे, आणि तो धडधाकट असला पाहिजे.

आणि कधी कधी खरंच जमत नाही. माणूस बेशुद्ध आहे, अंधार पडतोय, वैमानिक दोन मिनिटंही थांबायला तयार नाही. अशा वेळी अपराधी वाटून गप्प बसू नका. सुटका करणाऱ्यांना तुमचं पहिलं वाक्य हेच असू द्या की मागे आग जळती राहिली आहे, आणि जागा नेमकी सांगा: कोणत्या धारेवर, कोणत्या टाक्याच्या वर, वारा कुठून. मोबाइलला रेंज मिळताच महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ११२ वर तेच पुन्हा सांगा. जवळच्या गावात उतरलात तर तिथल्या लोकांना सांगा. ओल्या डहाळ्यांनी गवताची आग झोडपायची त्यांना आपल्यापेक्षा जास्त सवय असते, आणि त्यांना तिथवर पोचायला हेलिकॉप्टर लागत नाही.